खुबी

आईचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात एका कार्यालयात टोकन घेऊन बसले होते. "अगं, आक्का आलीय. तिला तो फोटो दाखवायचाय. लॅपटॉप कुठनं सुरू करायचा?" मागून मावशीचा खोकला ऐकू येत होता, कपबशीचा आवाज येत होता. समोरच्या पाटीवर माझ्या आधीचा नंबर लागलेला, माझं निम्मं लक्ष तिकडं. मी म्हटलं, "राहू दे आई, तुला नाही जमायचं. मी आल्यावर लावून देते." आई म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. मावशी जतहून तीन वर्षांनी आली होती. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी झेपत नाही. मावसभावाचं सांगलीत काम होतं म्हणून त्याच्या गाडीतून आली, आणि काम उरकल्यावर पाचच्या सुमाराला गेलीसुद्धा. मी घरी पोचले तेव्हा सात वाजून गेले होते. ओट्यावर कपबशा विसळून पालथ्या घातलेल्या. टेबलावर लॅपटॉप उघडा, काळ्या पडद्यात वरच्या ट्यूबचं प्रतिबिंब. आणि कीबोर्डच्या वर, बटणाच्या भोकाशी, आईची केसात घालायची पिन पडली होती.

म्हणजे तिनं करून पाहिलं होतं.

पिन का, ते सांगायला हवं. हा लॅपटॉप २०१२ चा. भावाने घेतला, नोकरीनिमित्त बंगळूरला जाताना इथंच ठेवून गेला. तीन वर्षांपूर्वी त्याचं सुरू करायचं बटण आत बसलं. वरच्या प्लास्टिकची बारीक जीभ मोडली होती, त्यामुळे बटण दाबलं तर नुसतं एका बाजूला कलायचं. पण फटीतून पिन तिरकी घातली, डाव्या अंगाला थोडी रेटली आणि मग खाली दाबली, की आत कुठंतरी टेकायचं आणि दिवा लागायचा. पहिल्यांदा जमायला वीस मिनिटं लागली होती. नंतर हात बसला. मग तर न बघताही जमायला लागलं. शिवाय मी तो कधी पूर्ण बंदच करायची नाही, झाकण मिटून ठेवायची. पण बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे महावितरणने पाच मिनिटं जरी लाइट घालवली की लॅपटॉप ठार बंद, आणि पुन्हा पिन आलीच. आईला फोटो कुठं असतात ते ठाऊक आहे. पडद्यावर डावीकडं वर, पिवळी चौकट, दोनदा टिचकी. पासवर्ड नाही. तिथपर्यंत पोचली की तिचं ती सगळं करते, मोठ्या पडद्यावर नातवाशी बोलते, भजनं लावते. मोबाइलवरचं तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नीट दिसत नाही, आणि तिचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. अडत होतं ते फक्त दारात.

त्या "बरं"मध्ये राग नव्हता, हेच मला टोचत राहिलं. चिडली असती, "तुझं नेहमीचंच" म्हणाली असती, तर मी काहीतरी उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण आमच्या घरात "बरं" हा शब्द आई पूर्वीही वापरायची, बाबांना. ते काही म्हणाले आणि त्यावर बोलून उपयोग नाही असं तिला कळलं, की तिच्या तोंडून हाच शब्द यायचा, अगदी ह्याच सुरात. मला तो सुर ओळखू आला आणि रात्री झोप लागेना.

बाबांची खुबी पाण्याच्या मोटरीची होती. आमचं घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. मागच्या बोळात टाकीवर पाणी चढवायची अर्धा एचपीची मोटर. बटण दाबलं की ती नुसती घुमायची, हूंऽऽ असा आवाज, फिरायची नाही. मग बाबा कोनाड्यात ठेवलेली बांबूची कामटी घ्यायचे, मागच्या जाळीतून आत घालायचे आणि पंख्याला एक हलका फटका द्यायचे. मोटर गर्रकन सुटायची. कामटी केव्हा मागे घ्यायची ते त्यांना बरोबर कळायचं, नाहीतर पात्यात अडकून हाताला हिसका बसतो. आम्हा दोघा भावंडांना तिकडं फिरकायची बंदी. आईला तर नाहीच. सकाळी साडेसहाला अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात कामटी अशी त्यांची मूर्ती मला अजून दिसते. परगावी जायचं तर आदल्या रात्री टाकी काठोकाठ भरून जायचे, आणि आल्यावर पायातली चप्पल न काढता आधी बोळात. "मी नसलो की तुमचं पाणी बंद," असं म्हणायचे. त्यात कौतुक असायचं, आमचं की स्वतःचं ते कधी कळलं नाही.

२०१४ साली ते गेले. दहाव्या दिवसापर्यंत घरात पाहुणे होते, पाणी कुणी ना कुणी शेजारून भरत होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. अकराव्या दिवशी टाकी कोरडी ठणठणीत. भावाने कामटी घालून बघितली, तिचे दोन तुकडे झाले. वायरमन आला. त्याने मोटरीच्या अंगावरची डबी उघडली, आतला नळकांड्यासारखा कपॅसिटर काढला, दुसरा बसवला, बटण दाबलं. मोटर एका दमात सुटली. "कपॅसिटर बसला होता. सिंगल फेजची मोटर त्याच्याशिवाय सुरू होत न्हाई, घुमत बसते. एकदा हातानं फिरवून दिली तर मग फिरते. चारपाच वर्षं तरी गेलेला दिसतोय." दीडदोनशे रुपयांचं काम, दहा मिनिटांचं. आई पायरीवर बसून बघत होती. वायरमन गेल्यावर तिनं कामटीचे दोन्ही तुकडे उचलले आणि चुलीच्या लाकडांत टाकले. तेव्हा मला ते दुःख वाटलं होतं. आता वाटतं, त्यात आणखीही काही असावं. मी तिला विचारलेलं नाही.

अशा खुब्या प्रत्येक घरात असतात. मागच्या दाराची कडी दार वर उचलून धरल्याशिवाय लागत नाही. मिक्सरच्या झाकणावर अंगठा ठेवावा लागतो. स्कूटरला एका अंगावर कलती करून किक मारायची. वस्तू थोडी बिघडते, माणूस थोडा वळतो, आणि दोघांचं जमून जातं. त्यात जवळीक असते हे मी नाकारत नाही. पिन घालून पहिल्याच फटक्यात दिवा लागला की मला दरवेळी बरं वाटायचं, एखाद्या हट्टी गुराने फक्त माझ्याच हातून वैरण खावी तसं. ही गोष्ट मला स्वतःशी कबूल करायला त्या रात्री बराच वेळ लागला. कारण दुरुस्तीला नेते, नेते म्हणत मी तीन वर्षं काढली होती, आणि त्या तीन वर्षांत कुणालाही, अगदी भावालाही, "तू हात लावू नको, मी देते सुरू करून" असंच म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात नेला. चकचकीत, एसी लावलेलं. काउंटरवरच्या मुलाने न उघडताच सांगितलं, "मॉडेल बंद झालंय मॅडम. बटण सुटं मिळत नाही, वरचा सगळा पॅनेलच लागेल, आणि तो येत नाही. नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये बसवून देतो." वाईट बोलला नाही तो. पण त्याने लॅपटॉप एकदाही उचलून हातात घेतला नाही.

मग मी मारुती चौकामागच्या बोळात गेले. तिथं एक काका रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, अजूनही करतात. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. भिंतीवर छातीच्या वर एक तपकिरी रेघ आहे, त्यांनी ती रंगवून घालवलेली नाही. कुठल्या पाण्याची ते सांगलीकराला विचारावं लागत नाही. पावसाळ्यात आम्ही एकमेकांना भेटल्यावर "आयर्विनला किती?" असंच विचारतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ. २००५ च्या पुराच्या खुणा दाखवून मोठी माणसं म्हणायची की ह्याच्यावर पाणी जायचं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. १९२९ सालचा तो दगडी पूल आणि त्याच्या खालून नव्हे, जणू त्याच्या कडेकडेने सगळ्या पेठांतून वाहणारी कृष्णा. आम्हाला बोटीतून बाहेर काढलं तेव्हा आईनं देवातला गणपती पदरात बांधून घेतला होता. लॅपटॉप मी माळ्यावर पितळी घंगाळात ठेवला होता, वर चादर. फोटोंचे अल्बम लोखंडी कपाटात राहिले. कपाट मजबूत, तिथं काय होतंय, असं वाटलं होतं.

आठ दिवसांनी परत आलो तेव्हा माळ्याच्या खाली दोन हातांवर पाण्याची रेघ होती. कपाटाचं दार पहारीने उघडावं लागलं. अल्बमची वीट झाली होती. पानं सोडवायला गेलं की माणसांचे चेहरे समोरच्या पानाला चिकटून निघायचे. गाळाचा तो वास, गोडसर आणि कुजका, नाकात बसला तो दिवाळीपर्यंत गेला नाही. भावाने आधीच्या वर्षी हौसेने ४३ फोटो स्कॅन करून लॅपटॉपमध्ये टाकले होते. आमच्या घराचे जुने फोटो म्हणजे आता तेवढेच ४३. पेन ड्राइव्हवर आहेत, माझ्या मोबाइलमध्येही आहेत. पण आईच्या लेखी ते लॅपटॉपमध्ये असतात, जसा देव देव्हाऱ्यात.

काकांनी लॅपटॉप पालथा घातला, खालचे स्क्रू काढले. प्रत्येक स्क्रू काढला की ते एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढून त्या त्या जागी टोचून ठेवत. "लांबी सारखी नसते ताई. मोठा छोट्याच्या जागी घातला तर बोर्डाला भोक पाडतो." आधी बॅटरी काढली, मग कीबोर्ड उचलला. त्याच्याखाली कागदासारख्या पातळ पट्टीच्या तारा. एका पट्टीच्या टोकाची काळी क्लिप त्यांनी नखाने उचलली आणि पट्टी अलगद सुटली. तिच्या दुसऱ्या टोकाला अंगठ्याच्या नखाएवढा हिरवा तुकडा, आणि त्यावर एक चिमुकला चौकोन. हेच बटण. तीन वर्षं मी ज्याला पिनेने टोचत होते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्याच्या एका पायाशी निळसर हिरवी बुरशी चढली होती.

"कळकलंय," काका म्हणाले.

ह्या शब्दाने मला एकदम लहानपणात नेलं. पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की ते कळकायचं. मग कल्हईवाला यायचा, पिंपळाच्या पारावर खड्डा खणून भाता लावायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, घसा खवखवायचा, आणि तो कापसाच्या बोळ्याने फिरवत फिरवत कथील पसरायचा, की आतून चांदणं पडल्यासारखं पातेलं उजळायचं. काकांनी आधी स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून ती हिरवी बुरशी घासून काढली. मग डाग द्यायची इस्त्री तापवली, राळेच्या डबीत तिचं टोक बुडवलं, तोच तसा पांढरा धूर, फक्त वास वेगळा, देवळातल्यासारखा. इथंही कथीलच, जोडीला शिसं. १८३ अंशांना पाघळतं आणि दोन क्षणांत पुन्हा घट्ट. मी त्यांना कल्हईचं सांगितलं तर ते हसले. "एकच विद्या हाय ती. धातू साफ पाहिजे, मग कथील आपणहून धरतं. घाणीवर कितीबी ओता, गोळी होऊन घरंगळतं."

मीटरच्या दोन सुया त्यांनी बटणाच्या पायांना लावल्या आणि दाबलं. मीटर गप्प. पुन्हा दाबलं, थोडं डावीकडं रेटून. पीऽ. "बघा, तुमची खुबी ही." आतली धातूची वाटी चिरली होती. बटणाच्या पोटात एक पत्र्याची बारीक घुमटी असते, दाबली की चपटी होऊन खालच्या दोन टोकांना जोडते, सोडली की टुणकन वर. तीच "टक". मी विचारलं, एवढ्याशा पत्र्यातून सगळ्या लॅपटॉपची वीज जाते? काका म्हणाले, "वीज न्हाई जात. ह्ये लाइटीचं बटण न्हवं. ह्ये नुसती दाराची कडी." मग त्यांनी समजावून सांगितलं. लॅपटॉप बंद असला तरी वायर लावलेली असते तोवर बोर्डावरची एक लहानशी चिप जागी असते. ती एका तारेवर तीन-सव्वातीन व्होल्ट धरून बसलेली. बटण दाबलं की ती तार क्षणभर शून्यावर येते. चिपला कळतं, कुणीतरी आलं. मग ती एकेकाला उठवत जाते, आधी हा वीजपुरवठा, मग तो, मग प्रोसेसर. आणि कुणी चार-पाच सेकंद दाबूनच धरलं तर ती समजते की आत काहीतरी अडलंय, आणि सगळं एकदम बंद करते. मला आमच्या घरात रात्री उशिरा येणाऱ्याची वाट बघत जाजमावर आडवी झालेली आई आठवली. कडी जरा वाजली तरी उठणारी.

त्यांच्याकडं जुन्या बोर्डांचं खोकं आहे. एका गेलेल्या मॉनिटरच्या बटणपट्टीवरून त्यांनी तसाच चौकोन काढला, बसवला. प्लास्टिकची मोडलेली जीभ फेविक्विकने जोडली आणि सांध्यावर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरला. त्या दोघांचा क्षणात दगड होतो. सगळं परत बसवलं, मी बटण दाबलं, दिवा लागला. मला इतका आनंद झाला की मी पर्स उघडली. तेवढ्यात लॅपटॉप बंद पडला. पुन्हा लावला, पाच सेकंद चालला, पुन्हा बंद. माझ्या पोटात गोळा आला. ४३ फोटो पेन ड्राइव्हवर आहेत, हे मी मनातल्या मनात दोनदा म्हटलं.

काका मात्र शांत. "उंची जास्त झाली. वरचं झाकण त्याला दाबून धरतंय. त्याला वाटतंय कुणी तरी दाबूनच उभं हाय." पुन्हा सगळे स्क्रू पुठ्ठ्यावर. बटणाचा काळा खुंट त्यांनी पॉलिश पेपरवर दोन वेळा ओढला, बोट फिरवून बघितलं, आणखी एकदा ओढला. किती घासला असेल, केसभर. ते बघताना मला मिरजेची ती पेढी आठवली. आईचा तंबोरा मिरजेचाच, पंढरपूरकडच्या कडू भोपळ्याचा. जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा नाद, बिघडली की आई मला घेऊन मिरजेला जायची. तिथले म्हातारे कारागीर घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस अशीच ओढायचे, केसभर, मग तारेखालचा दोरा सरकवायचे, ऐकायचे, पुन्हा केसभर. शेवटी तंबोरा आईकडं नाही, माझ्याकडं द्यायचे. मी सातआठ वर्षांची, स्वराचं काही कळत नाही, बोटं वाकडीतिकडी पडायची. ते डोळे मिटून ऐकायचे. माझ्या हातूनही जवारी बोलली की मगच गवसणी घालायचे. तो तंबोरा २०१९ च्या पाण्यात भिजला, भोपळा सांध्यातून सुटला. आई त्याबद्दल बोलत नाही.

दुसऱ्यांदा जोडल्यावर लॅपटॉप दहा मिनिटं चालू राहिला. काकांनी दुकानातल्या पोऱ्याला हाक मारली, "ए, ह्ये बंद कर आणि सुरू कर." तो चहाचे ग्लास ठेवून आला, ओल्या बोटाने दाबलं, सुरू झालं. मग काकांनी दीडशे रुपये सांगितले.

घरी आल्यावर मी लॅपटॉप आईसमोर ठेवला आणि म्हटलं, "तू लाव." तिनं पदराला हात पुसले, पिन कुठं आहे म्हणून इकडं तिकडं बघितलं. मी म्हटलं, पिन नको, नुसतं दाब. तिनं अंगठा ठेवला आणि घट्ट दाबून धरला, तीन वर्षं मला तसंच करताना बघत आली होती. दिवा लागला आणि विझला. तिनं माझ्याकडं बघितलं. माझा हात पुढं झालाच होता, तो मी मागे घेतला, पायाखाली दाबून ठेवला म्हटलं तरी चालेल. "हलकंच. बेल वाजवतात तसं." तिनं दुसऱ्यांदा दाबलं. टक.

पडदा उजळायला वेळ लागतो, जुनाच आहे तो. मग पिवळी चौकट, दोन टिचक्या. फोटो तिनंच शोधला. मावशीच्या लग्नातला, दोघी बहिणी गणपतीच्या देवळासमोर उभ्या, आई परकर-पोलक्यात, मावशी मुंडावळ्या बांधलेली. आजीची ठुशी त्या दिवशी कुणाच्या गळ्यात होती, ह्यावरून दोघींचा पन्नास वर्षं वाद आहे. आई म्हणते माझ्या, रडले म्हणून आजीने मला घातली. मावशी म्हणते, नवरी मी, तुला कशाला घालेल. आई पडद्याजवळ वाकली, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं तिचा बटणांचा फोन घेतला आणि जतला लावला. "आक्का? अगं, बघितला आत्ता. तुझ्याच गळ्यात आहे की गं." पलीकडून मावशी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आई नुसती हुंकार देत होती, मधेच हसत होती, आणि मोकळ्या हाताच्या बोटाने पडद्यावरची ठुशी पुसल्यासारखी करत होती.

रात्री साडेअकराच्या सुमारास लाइट गेली, थोड्या वेळाने आली. मी आतल्या खोलीत जागीच होते. बाहेर आईच्या पायांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा, आणि मग ती टक. दाराच्या फटीतून निळसर उजेड जमिनीवर आला. मी उठले नाही.